‘हम दोनो’ : लंडनची एक तबकडी आणि आपला कोकण

१

१९६९ साली लंडनमध्ये ईएमआयच्या ‘कोलंबिया’ या छापाखाली जॅझ संगीताची एक तबकडी निघाली. तिचे नाव होते ‘हम दोनो’. मुखपृष्ठावर दोन वादकांची नावे होती. एक जमेकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट, दुसरे मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा. या दोघांच्या सोबतीला बासवर डेव्ह ग्रीन आणि ड्रम्सवर ब्रायन स्प्रिंग असे दोन तरुण इंग्रज वादक होते. हे मूळ चौघांचे पथक. काही रचनांत इयन कार यांचे तुतारीवर्गातले वाद्य आणि नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दविरहित कंठस्वर त्यांना येऊन मिळतो. निर्माते होते डेनिस प्रेस्टन आणि ध्वनिमुद्रण झाले ते त्यांच्या लॅन्सडाउन स्टुडिओत.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या तबकडीची दखल का घ्यावी, हा प्रश्न कुणी विचारील तर तो रास्तच आहे. आमचे उत्तर असे की, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे ‘देशी’ आणि ‘विदेशी’, ‘परंपरा’ आणि ‘नवता’, ‘आपले’ आणि ‘परके’ या जोड्यांविषयी जी चर्चा झाली, ती बहुतांशी शब्दांच्या आधारे झाली. हीच चर्चा एका मुंबईकर माणसाने गिटारच्या सहा तारांवर, परक्या शहरात, एका अनाथ जमेकन कलावंताच्या जोडीने केली. शिवाय या माणसाच्या रचनांची नावे आहेत ‘बॅलड फॉर गोवा’, ‘कोकण डान्स’. ज्या कोकणावर आणि गोमंतकावर मराठी साहित्याने आपला हक्क वारंवार सांगितला, त्या प्रदेशाचे एक स्मरण मराठीत नोंदलेच गेले नाही. ते का नोंदले गेले नाही आणि नोंदले असता आपल्या समजुतीत काय फरक पडतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

२

अमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म १९३६ साली मुंबईत, गोव्याहून आलेल्या कुटुंबात झाला. तेव्हाची मुंबई आणि तेव्हाचा गोवा यांच्यामध्ये एक आंतरराष्ट्रीय सीमा होती. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे पोर्तुगीज. तरीही पोटासाठी गोमंतकीय माणूस शतकभर मुंबईची वाट चालत होता. धोबीतलाव आणि आसपासच्या वस्त्यांत या माणसांच्या ‘कुडी’ होत्या. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत चालवलेले सामायिक बिऱ्हाड. बोटीवर नोकरीला जाणारा खलाशी, हॉटेलातला आचारी आणि हातात व्हायोलिनची पेटी घेतलेला वादक हे तिघे एकाच कुडीत पथारी टाकीत.

यातील वादकाची जडणघडण समजून घेतली पाहिजे. गोव्यातील चर्चच्या परिसरशाळांत मुलांना प्रार्थनासंगीतासाठी स्वरलेखन शिकवले जाई. गावातला मुलगा अक्षरांबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपीही वाचू लागे. मुंबईला आल्यावर हीच लिपी त्याची पोटभाषा झाली. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात आफ्रिकन-अमेरिकन जॅझ वादक येऊन वाजवू लागले. १९३५ मध्ये आलेल्या लिऑन ॲबी यांच्या वाद्यवृंदाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. त्यांचे ऐकून आणि पुढे त्यांच्या शेजारी बसून गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केले. आंतोनियो झेव्हियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईचे लाडके ट्रंपेटवादक झाले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील रात्री मंदावल्या आणि वादकांचा ओघ चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणालयांकडे वळला.

या स्थलांतराने आपल्या चित्रपटसंगीताला काय दिले, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि चिक चॉकलेट यांच्या सहवासातून भगवानदादांच्या ‘अलबेला’चे (१९५१) संगीत उभे राहिले. मराठी, गोमंतकीय आणि उत्तर हिंदुस्थानी अशा तीन प्रवाहांचा तो संगम होता. परंतु या संगमात कर्तृत्वाची वाटणी समान नव्हती. चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, आवाज गायकाचा. वाद्यमेळ लिहिणारा, सुरावटींना उभा-आडवा धागा घालणारा गोमंतकीय मात्र बहुधा श्रेयनामावलीत मागे किंवा अदृश्य असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस हे प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एकत्र आणणारा स्वतंत्र प्रयोग मुंबईत केला. पण सर्वसामान्य माणसाला त्यांचे नाव ठाऊक झाले ते शिष्याने १९७७ च्या एका चित्रपटगीतात गुंफले म्हणून, आणि तेही एका विनोदी पात्राचे नाव म्हणून.

साहित्याच्या अभ्यासकाला ‘लेखक’ या संस्थेचा इतिहास परिचित असतो. हस्तलिखितावर नाव न घालणाऱ्या कवीपासून मुखपृष्ठावर छायाचित्र छापून घेणाऱ्या कादंबरीकारापर्यंतचा प्रवास आपण शिकवतो. मुंबईच्या गोमंतकीय वादकाचा हा प्रवास अर्ध्यावर थांबला होता. तो लिहीत होता, पण लेखक नव्हता. डिसिल्वांच्या तबकडीचे पहिले ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. ‘हम दोनो’मधील बहुतेक रचना त्यांच्या आहेत आणि मुखपृष्ठावर त्यांचे नाव आहे.

डिसिल्वा चित्रपटांच्या वाटेने न जाता गिटारवादक म्हणून मुंबईत आणि उत्तरेकडील शहरांत वाजवीत राहिले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा आश्रय त्यांना लाभला. सिमल्यात त्यांची जॉइस या आयरिश तरुणीशी भेट झाली, पुढे विवाह झाला आणि १९६७ मध्ये हे कुटुंब लंडनला गेले. दोनच वर्षांत त्यांच्या नावाने दोन तबकड्या निघाल्या. पहिली ‘इंटिग्रेशन’, दुसरी ‘हम दोनो’.

३

आता दुसऱ्याकडे वळू. जो हॅरियट यांचा जन्म १९२८ साली किंग्स्टन येथे झाला. अनाथ म्हणून ते ‘अल्फा’ या शाळेत वाढले. ही शाळा कॅथलिक जोगिणी चालवीत आणि तिच्या बँडमधून जमेकाचे कित्येक वादक तयार झाले. येथे क्षणभर थांबून दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. एकीकडे गोव्याची परिसरशाळा, दुसरीकडे किंग्स्टनची अनाथशाळा. दोन महासागरांच्या काठी, दोन साम्राज्यांत, चर्चने वसाहतीतल्या मुलांच्या हाती युरोपीय वाद्ये दिली ती प्रार्थनेसाठी आणि शिस्तीसाठी. त्या मुलांनी त्या वाद्यांतून जे वाजवले ते मात्र चर्चच्या योजनेत नव्हते. हॅरियट आणि डिसिल्वा लंडनमध्ये भेटले तेव्हा ते परस्परांना वाटतात तितके अनोळखी नव्हते. त्यांचा भूतकाळ एकाच प्रकारच्या कारखान्यात घडला होता.

१९५१ मध्ये हॅरियट इंग्लंडला आले. १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फ्री फॉर्म’ या तबकडीत त्यांनी जॅझमधील ठरलेला स्वरसंगतींचा क्रम, ठरलेला ताल, ठरलेली लांबी ही बंधने सैल केली. त्यांच्या पथकात ट्रंपेट वाजवणारे ‘शेक’ कीन हे सेंट व्हिन्सेंट बेटावरचे कवी होते. त्यांच्या टोपणनावात शेक्सपिअरचा अंश होता आणि १९७९ मध्ये त्यांच्या कवितेला क्यूबाचा ‘कासा दे लास अमेरिकास’ हा सन्मान मिळाला. मुक्तछंदाच्या आणि मुक्तरूपाच्या ऊर्मी एकाच वेळी, एकाच माणसांच्या घोळक्यात कशा नांदतात, याचे हे बोलके उदाहरण आहे. मुंबईत त्याच सुमारास ‘शब्द’ हे अनियतकालिक दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र काढीत होते, हेही आमच्या वाचकांनी शेजारी ठेवून पाहावे. प्रभावाचा संबंध सुचवण्याचा आमचा हेतू नाही. काळाची नाडी एक होती, इतकेच.

हॅरियट भारतीय संगीताकडे आले ते जॉन मेयर यांच्यामुळे. मेयर मूळचे कोलकात्याचे. ते व्हायोलिनवादक आणि संगीतरचनाकार होते. त्यांनी आणि हॅरियट यांनी मिळून ‘इंडो-जॅझ सूट’ (१९६६), ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ (१९६७) आणि त्याचा दुसरा भाग (१९६८) अशा तबकड्या केल्या. निर्माते पुन्हा डेनिस प्रेस्टनच. यातील योजना लक्षात घेण्याजोगी आहे. तिचे नावच ‘डबल क्विंटेट’ होते. पाच जॅझ वादक एका बाजूला, पाच जण भारतीय वाद्ये आणि मेयर यांचे व्हायोलिन यांसह दुसऱ्या बाजूला. सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर आणि तबल्यावर केशव साठे. या केशव साठ्यांविषयी आपल्याकडे किती लिहिले गेले आहे? १९६७ मध्ये जर्मनीत निघालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या तबकडीत स्विस पियानोवादक इरेन श्वाइझर यांच्या जोडीला तेच होते. १९७२ च्या ‘मॅजिक कार्पेट’ या इंग्रज तबकडीतही तेच आहेत. युरोपीय जॅझच्या एका महत्त्वाच्या वळणावर ठेका धरणारा हात मराठी होता.

मेयर यांच्या रचनांत राग आहेत, मात्रा मोजलेल्या आहेत, लिखित संहिता काटेकोर आहे. तरीही ऐकताना वारंवार जाणवते की येथे दोन शिष्टमंडळे समोरासमोर बसली आहेत. सतार बोलते तेव्हा सॅक्सोफोन अदबीने थांबतो. सॅक्सोफोन बोलतो तेव्हा तबला त्याला साथ देतो, पण वाद घालत नाही. दोन्ही बाजूंच्या वाद्यांच्या नादावरूनच श्रोत्याला कळते की हे पूर्व आणि हे पश्चिम. या प्रकारच्या मिश्रणाला आम्ही ‘खुणांचे मिश्रण’ म्हणू. कादंबरीत पात्राच्या तोंडी चार बोलीतले शब्द घातले की ती प्रादेशिक झाली असे मानणाऱ्या लेखकाची रीत यापेक्षा फार वेगळी नसते. अर्थात मेयर यांचे काम त्या लेखकापेक्षा कितीतरी गंभीर आहे. त्यांच्याशिवाय पुढची पायरी संभवली नसती.

४

ती पुढची पायरी म्हणजे ‘हम दोनो’. या तबकडीत सतार नाही. तबला नाही. तंबोरा नाही. गिटार, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स ही जॅझ पथकाची अगदी रूढ वाद्ये आहेत. केवळ वाद्यांची यादी वाचणाऱ्याला येथे भारत सापडणार नाही. तो आहे तो वादकाच्या वळणात आहे, सुराकडे जाण्याच्या त्याच्या रीतीत आहे.

हे शक्य कसे झाले, याला जॅझच्या इतिहासातले एक कारण आहे. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने जॅझमधील एक जुनी सक्ती दूर केली. तोवर वादकाला दर एक-दोन मात्रांनी बदलणाऱ्या स्वरसंगतींच्या मागे धावावे लागे. आता एकाच स्वरसप्तकावर बराच काळ राहून विस्तार करण्याची मुभा मिळाली. आपल्या भाषेत सांगायचे तर, षड्ज स्थिर झाला आणि वादकाला बढत करायला सवड मिळाली. जॉन कोल्ट्रेन यांनी १९६१ मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि पुढे रविशंकर यांच्यावरील आदरापोटी आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले, ते याच वातावरणात. अमेरिकन वादकाला हा प्रदेश नवा होता. मुंबईत वाढलेल्या माणसाच्या कानाला तो परिचित होता. जॅझ एक पाऊल पुढे आले, तेव्हा डिसिल्वा त्या ठिकाणी आधीच उभे होते.

याच सुमारास आपल्या देशात गिटारचे काय झाले, हे पाहिले म्हणजे त्यांचे वेगळेपण नीट दिसते. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवली, तारांवर धातूचा तुकडा सरकवून मींड काढली आणि तिला हिंदुस्थानी मैफलीत बसवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी घराघरांत पोहोचली. काब्रांनी वाद्याचा धर्म बदलला. डिसिल्वांनी वाद्य होते तसेच ठेवले. त्यांची गिटार उभीच राहिली, तिच्या पडद्यांनी बांधलेले सूर तसेच राहिले. पडद्यांच्या वाद्यावर सतारीसारखी लांब मींड निघत नाही. ती मर्यादा मान्य करून त्यांनी एकेरी सुरावटीवर, एका स्वराभोवती फेर धरण्यावर, छोट्या अलंकारांवर भर दिला. काब्रांचा मार्ग अनुवादाचा आहे आणि तो थोर आहे. डिसिल्वांचा मार्ग दुसऱ्या भाषेत मूळ लेखन करण्याचा आहे. अनुवादकाला मूळ संहिता समोर लागते. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याच्या पाठीशी पहिली भाषा असते, पण पानावर ती दिसत नाही.

शीर्षकांकडे पाहू. ‘स्टेफानोज डान्स’ ही मुलाच्या नावाची रचना. ‘जयपूर’ ही आश्रयाच्या दिवसांची आठवण. हीच रचना ‘इंटिग्रेशन’मध्ये वेगळ्या पथकाबरोबर आहे, त्यामुळे दोन पाठांचा तौलनिक अभ्यास करू इच्छिणाऱ्याला आयती सामग्री मिळते. त्या आधीच्या तबकडीत ‘गंगा’ आहे, ‘महाराणी’ आहे आणि ‘जॉइस कंट्री’ आहे. या शेवटच्या नावात श्लेष आहे. जॉइस कंट्री हा आयर्लंडच्या पश्चिमेचा खराखुरा प्रदेश आणि जॉइस हे पत्नीचे नाव. ‘हम दोनो’मध्ये ‘स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट’ हे आणखी एक श्लिष्ट शीर्षक आहे. आफ्रिकन-अमेरिकन गुलामांच्या एका प्रसिद्ध भक्तिगीताच्या नावात ड्रमवादक स्प्रिंग आणि सॅक्सोफोनवादक हॅरियट यांची नावे बेमालूम बसवली आहेत. थट्टेच्या आड इतिहास आहे. रथाने पैलतीरी नेण्याची प्रार्थना करणारे ते गीत, आणि त्याच्या नावात आता समुद्र ओलांडून आलेल्या एका जमेकन माणसाचे नाव.

शीर्षगीताकडे सर्वांत शेवटी येऊ. ‘हम दोनो’ म्हटले की हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला १९६१ चा देव आनंद आठवतो. त्या चित्रपटात एकच नट दुहेरी भूमिकेत आहे. दोन माणसे इतकी सारखी दिसतात की घरच्यांचाही घोटाळा होतो. तबकडीवरचे दोघे याच्या नेमके उलट आहेत. हॅरियट यांचा सॅक्सोफोन तीव्र, आर्त, काहीसा कडवट. तो सूर फेकतो. डिसिल्वांची गिटार गोलसर, संयत, आतल्या आत बोलणारी. ती सूर ठेवते. धून दोघे एकत्र वाजवतात तेव्हासुद्धा दोन आवाज ऐकू येतात. श्रोत्याला कोण जमेकाचा आणि कोण मुंबईचा हे वाद्याच्या जातीवरून नव्हे, स्वभावावरून कळते. विन्स्टन यांचा कंठ शब्दांवाचून त्यांच्यात मिसळतो, आलापासारखा, पण तो आलाप म्हणून सादर केलेला नाही.

शीर्षकात द्विवचनाचा अर्थ आहे आणि हिंदी व्याकरणात तो बहुवचनाने भागवला जातो. संस्कृतात द्विवचन स्वतंत्र होते. ‘एक’ आणि ‘अनेक’ यांच्या मधली ही जागा मराठीनेही व्याकरणातून गमावली. आमच्या मते ही तबकडी त्या गमावलेल्या वचनात रचलेली आहे. दोघांचा एक होत नाही, आणि दोघे गर्दीतही हरवत नाहीत.

५

आता गोव्याकडे. डिसिल्वा कुटुंब लंडनला गेले त्याच १९६७ या वर्षी, १६ जानेवारीला, गोव्यात जनमत कौल घेतला गेला. प्रश्न होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघराज्याचा स्वतंत्र प्रदेश म्हणून राहायचे. दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूने होता. महाराष्ट्रातील पुढारी, संपादक आणि अनेक साहित्यिक यांचाही आग्रह तोच होता. आधार सांस्कृतिक होता. गोव्याच्या देवळांतले कीर्तन मराठी, शाळा मराठी, नाटक मराठी, म्हणून गोवा मराठी. १,७२,१९१ मते वेगळे राहण्याच्या बाजूने पडली आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने. ३४,०२१ मतांनी गोव्याने ‘आम्ही शेजारी राहू, एक होणार नाही’ असे सांगितले. पुढे १९८७ मध्ये तो स्वतंत्र घटक राज्य झाला आणि १९९२ मध्ये कोकणीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले.

‘बॅलड फॉर गोवा’ ही या कौलानंतर दोन वर्षांनी ध्वनिमुद्रित झालेली रचना. तिच्यात त्या राजकारणाचे पडसाद शोधणे हा उतावळेपणा होईल. शब्दच नसलेल्या रचनेकडून जाहीरनाम्याची अपेक्षा करू नये. परंतु इतिहासाच्या वाचकाला दोन घटनांची जुळणी करण्याचा अधिकार असतो. त्या दोन वर्षांत गोव्याविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात हक्काची भाषा होती आणि कौलानंतर दुखावलेपणाची. त्याच काळात मुंबईत जन्मलेला एक गोमंतकीय, गोव्याबाहेर वाढलेला, लंडनच्या एका स्टुडिओत गोव्याला उद्देशून एक संथ रचना वाजवीत होता. तिच्यात हक्क नाही, दुखावलेपण नाही. ज्या भूमीत आपण जन्मलो नाही, तिची आठवण वारसाहक्काने आलेली असते. ती आठवण तिथे आहे.

आमच्या भोर-भाटघर परिसरातून वरंधा घाट उतरला की महाड लागते आणि कोकण सुरू होतो. घाटमाथ्यावरच्या माणसाला कोकण म्हणजे खालचा, पायथ्याचा, ‘आपलाच’ प्रदेश वाटतो. साहित्याच्या वर्गातही तसेच होते. ‘कोकणातील वाङ्मय’ म्हटले की ठरलेली नावे आणि ठरलेली दृश्ये येतात. माडांच्या बागा, खाडी, भुते, दारिद्र्य, चाकरमानी. या कोकणाला एक चर्चही आहे, मांडो आहे, व्हायोलिन आहे आणि मुंबईच्या कुडीतून समुद्रपार गेलेला चाकरमानी आहे. डिसिल्वांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ध्वनिमुद्रित केलेल्या एका तबकडीचे नावच ‘कोकण डान्स’. ती तेव्हा प्रसिद्ध झाली नाही. २००६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, ती इंग्लंडमध्ये प्रथम बाहेर आली. ‘कोकण’ हा शब्द शीर्षकात असलेली एक कलाकृती तीस वर्षांहून अधिक काळ लंडनच्या संग्रहात बंद होती आणि आपल्याला तिची उणीवही भासली नाही.

मराठी साहित्याने या माणसांना अगदीच पाहिले नाही असे म्हणता येणार नाही. पण मुंबईच्या वाङ्मयीन नकाशावर ज्या ठळकपणे नारायण सुर्व्यांचे कामगारविश्व, भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आहेत, त्या ठळकपणे धोबीतलावची कूड नाही. गोमंतकीय ख्रिस्ती समाजाचे अंतरंग उघडे करणारी कविता आपल्या पुणे शहरात जन्मलेल्या युनिस डिसूझा यांनी लिहिली, पण ती इंग्रजीत. ‘फिक्स’ हा त्यांचा संग्रह १९७९ चा. मराठीचा अभ्यासक तो इंग्रजी विभागाकडे सोपवतो. इंग्रजी विभाग त्याला ‘भारतीय इंग्रजी’च्या कप्प्यात ठेवतो. मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच शहराचा इतिहास अर्धा अर्धा पडून आहे.

या भिंतीला दारे पाडणारे लेखक आपल्याकडे आहेत. बा. भ. बोरकरांनी मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांत कविता लिहिली. त्यांना कुठल्या एका भाषेत ‘विलीन’ करण्याची गरज आपल्याला भासत नाही. अरुण कोलटकर मराठीतही कवी आहेत आणि इंग्रजीतही. ‘जेजुरी’ (१९७६) ही मराठीचे भाषांतर म्हणून वाचली की तिचे मोल कमी होते, आणि मराठी वजा करून वाचली तरी कमी होते. कोलटकरांच्या त्या पुस्तकात खंडोबाच्या जेजुरीसाठी एकही आवाज उंचावलेला नाही, तरी ती जेजुरीच आहे. डिसिल्वांच्या तबकडीत सतार नाही, तरी तिथे भारत आहे. खुणा काढून घेतल्यावर जे उरते, तेच बहुधा खरे देशीपण असते. देशीवादाच्या आपल्याकडील चर्चेत हा मुद्दा यावा, असे आम्हांस वाटते. जे मुळाशी निष्ठा राखते तेच देशी, ही व्याख्या मान्य केली तरी मूळ कुठे शोधायचे हा प्रश्न राहतोच. वेशात, वाद्यात, शब्दसंग्रहात की वाक्याच्या चालीत? चार वादकांच्या या पथकाने दिलेले उत्तर चालीचे आहे.

६

या दोघांचा पुढचा इतिहास सुखाचा नाही. हॅरियट यांच्या महत्त्वाच्या तबकड्यांपैकी ‘हम दोनो’ ही अखेरच्या काळातली. २ जानेवारी १९७३ रोजी साउथहॅम्प्टन येथे, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ब्रिटिश जॅझच्या इतिहासात त्यांना जे स्थान आज दिले जाते, ते बरेच उशिरा मिळाले. डिसिल्वांच्या ‘रिफ्लेक्शन्स’ (१९७१) आणि ‘कॉस्मिक आय’ या पथकाच्या नावाने निघालेली ‘ड्रीम सीक्वेन्स’ (१९७२) या तबकड्या आल्या आणि मग मोठ्या कंपन्यांचे दरवाजे बंद झाले. १९९६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ‘हम दोनो’ची मूळ तबकडी दीर्घकाळ केवळ संग्राहकांच्या बाजारात, भारी किमतीला, मिळत असे. एकविसाव्या शतकात ती सीडीच्या रूपाने पुन्हा उपलब्ध झाली आणि आता कुणालाही ऐकता येते.

मुंबईत १९७८ मध्ये रंगभवनच्या खुल्या मंचावर पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. जगभरचे वादक धोबीतलावाच्या त्या आवारात आले. भारतीय संगीत आणि जॅझ यांच्या भेटीचा तो सोहळा होता. या भेटीतला एक अव्वल दस्तऐवज नऊ वर्षे आधी, याच शहरात जन्मलेल्या माणसाने तयार केला होता. इतिहासाची अशी चुकामूक आपल्या वाङ्मयातही कमी नाही.

तेव्हा करायचे काय? आमचा प्रस्ताव साधा आहे. साठोत्तरी मराठी साहित्याचा कालखंड शिकवताना अनियतकालिके, दलित कविता, नवी कादंबरी यांच्या शेजारी एक तास ‘हम दोनो’ला द्यावा. आधी ‘इंडो-जॅझ सूट’चा एक भाग ऐकवावा, मग ‘बॅलड फॉर गोवा’. विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की पहिल्यात भारत कशावरून ओळखलात, आणि दुसऱ्यात कशावरून. लग्नाच्या वरातीत बँडचे क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ऐकत वाढलेल्या खेड्यातल्या मुलाला हे वाद्य परके वाटणार नाही, आपल्याला मात्र तसे वाटण्याची भीती असते. त्यांच्या उत्तरांतून मिश्रण, अनुवाद आणि द्विभाषिकता यांतील भेद पुस्तकी व्याख्येपेक्षा स्पष्ट होईल. त्यानंतर बोरकर आणि कोलटकर वाचावेत.

मराठी संस्कृतीने आजवर दुसऱ्यांना जवळ करण्याची एकच रीत विशेष आवडीने वापरली, ती सामावून घेण्याची. तिच्यात औदार्य आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु सामावणाऱ्याचे नाव राहते आणि सामावलेल्याचे पुसले जाते, हे चिक चॉकलेटपासून अँथनी गोन्साल्वीसपर्यंतच्या इतिहासात दिसले. गोव्याने १९६७ मध्ये मतपेटीतून तेच सांगितले. डिसिल्वा आणि हॅरियट यांनी १९६९ मध्ये दुसरी रीत दाखवली. तिच्यात दोन नावे राहतात, दोन आवाज राहतात आणि धून एक असते. अमान्सियो डिसिल्वा मराठी होते असे आम्ही म्हणत नाही. ते आपल्या इतिहासात आहेत, इतके म्हणतो. ते मान्य करण्यासाठी त्यांनी आपले होण्याची आवश्यकता नाही.